सकाळी रुसणारी बुलेट: गरम इंजिनावर केलेल्या टॅपेट सेटिंगचं एक प्रकरण

गाडी १९९० च्या दशकातली बुलेट ३५०. बिडाचं बॅरल (सिलिंडर), ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. पॉइंटवर (उघडमीट होऊन ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवर) चालणारं इग्निशन, चार गिअर, गिअरचा लिव्हर उजव्या पायाशी. मुक्काम सातारा, महिना डिसेंबर.

तक्रार अशी: सकाळी वीस-पंचवीस किक मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही. चालू झाली तरी पहिली पाच-सात मिनिटं रेस धरत नाही, सायलेन्सरमधून फट-फट करते, मधूनच कार्ब्युरेटरकडे शिंकते. दहा मिनिटांनी मात्र सुतासारखी सरळ. दिवसभर कुठेही थांबवा, एका किकमध्ये चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

मालकाने या काळात प्लग बदलला होता, बॅटरी चार्ज करून आणली होती, कार्ब्युरेटर दोनदा उघडून जेट फुंकले होते. थंडी आहे, त्यामुळे मिश्रण जमत नसेल, हा त्याचा तर्क. तर्क वाईट नव्हता. सकाळचा त्रास आणि दुपारची तंदुरुस्ती ही जोडी दिसली की पहिला संशय चोक आणि स्लो जेटवरच जातो. पण बोलता बोलता त्याने एक गोष्ट कौतुकाने सांगितली, आणि प्रकरणाची किल्ली तिथेच होती: "इंजिन मात्र एकदम गप्प झालंय हो. टॅपेटचा आवाज नावाला नाही."

तीन आठवड्यांपूर्वी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दुव्यांची, टकटक जास्त वाटते म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली होती. घरापासून पंधरा किलोमीटर चालवत नेली आणि पोचल्या पोचल्या टॅपेट सेट करून घेतले. आवाज गेला, पैसे दिले, गाडी घरी आली. सकाळचा त्रास त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. पण टॅपेटचं काम आणि सकाळची किक यांचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण गाडी गॅरेजमधून निघाली तेव्हा झकास चालत होती.

आधी दाब

बुलेटवर कॉम्प्रेशन गेज लावायच्या आधी पाय लावावा. रात्रभर थंड झालेलं इंजिन, इग्निशन बंद, डिकॉम्प्रेसरला (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हला) हात नाही. किक हळूहळू खाली दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत आणायची आणि मग तिच्यावर शरीराचं वजन द्यायचं. धडधाकट ३५० असेल तर किक वजन तोलून धरते आणि काही सेकंदांत सावकाश खाली बसते. या गाडीची किक कॉम्प्रेशनपाशी जेमतेम अडखळली आणि लोण्यात सुरी जावी तशी थेट खाली गेली. हीच चाचणी संध्याकाळी, अर्धा तास चालवून आणलेल्या इंजिनावर घेतली तर किक बऱ्यापैकी धरत होती.

थंडपणी दाब नाही, गरमपणी आहे. इथे कार्ब्युरेटर सुटला, बॅटरीही सुटली. जेट कितीही स्वच्छ असले तरी दाब त्यांच्या हातात नसतो.

आता दाब कुठून गळतो ते पाहायचं. वाटा चार: रिंगा, व्हॉल्व्ह, हेडचं पॅकिंग आणि डिकॉम्प्रेसर. शेवटचा लोक विसरतात. त्याची केबल ताठ असेल तर तो छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि लक्षणं हुबेहूब जळक्या व्हॉल्व्हसारखी दिसतात. म्हणून पहिलं काम हँडलच्या डाव्या बाजूचा डिकॉम्प्रेसरचा लिव्हर तपासणं. त्याला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल हवी, मगच ताण लागला पाहिजे. इथे ती होती. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही केबल ताणली जात नव्हती.

मग प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल आत सोडलं, दोन-तीन वेळा किक फिरवून ते पसरू दिलं, प्लग बसवून पुन्हा वजनाची चाचणी घेतली. रिंगांचा दोष असेल तर ऑइल फट बुजवतं आणि किक एकदम कडक लागते. इथे फरक शून्य. (ही चाचणी केल्यावर गाडी चालू झाली की निळसर पांढरा धूर येतो. शेजारी विचारतील, तयारी ठेवावी.)

शेवटी कान. किक दाबून कॉम्प्रेशनवर ठेवायची आणि दुसऱ्या माणसाने सायलेन्सरच्या तोंडाशी कान न्यायचा. स्पष्ट फुस्स ऐकू आली, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. कार्ब्युरेटरच्या तोंडाशीही, एअर फिल्टरची नळी काढून ऐकल्यावर, बारीकशी फुस्स होती. म्हणजे इनलेटही पूर्ण बसत नव्हता. दोन व्हॉल्व्ह एकाच दिवशी जळत नाहीत. दोघांचा दोष एकाच दिवशी सुरू झाला असेल तर दोघांना एकाच वेळी हात लावणारं काम शोधायचं. ते तीन आठवड्यांपूर्वी झालंच होतं.

गरमपणी शून्य, थंडपणी उणे

बुलेटच्या या इंजिनाची टॅपेट सेटिंग इतर गाड्यांपेक्षा वेगळी आहे, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. स्प्लेंडरसारख्या वर कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) टोकाला स्क्रू आणि लॉकनट असतो, मॅन्युअलमध्ये फटीचा शतांश मिलिमीटरमधला आकडा दिलेला असतो आणि फीलर गेजची (फट मोजायच्या मापाची) पाती घालून तो साधायचा असतो. बिडाच्या बॅरलच्या बुलेटमध्ये कॅम खाली, टायमिंगच्या खोक्यात. त्यावर टॅपेट, टॅपेटवर ॲल्युमिनियमचे लांब पुशरॉड, ते बॅरलमधल्या बोगद्यातून वर जाऊन रॉकर उचलतात. सेटिंग पुशरॉडच्या खालच्या टोकाशी, बॅरलच्या उजव्या बाजूच्या छोट्या झाकणाआड. फट मात्र वर, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये. खालून तिथे पातं पोचत नाही, म्हणून फीलर गेज इथे पेटीतच राहतो.

कंपनीची सूचना साधी आहे: इंजिन थंड असताना फट शून्य, म्हणजे पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इनलेटला तेच, एक्झॉस्टलाही तेच.

थंडपणी शून्य फट ऐकून ओव्हरहेड कॅमवर हात बसलेला मेकॅनिक दचकतो. त्याला वाटतं, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबेल आणि उघडाच राहील. पण इथे इंजिन तापलं की बॅरल आणि हेड मिळून वर वाढतात, रॉकरचा आधार कॅमपासून दूर सरकतो आणि कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या जोडणीत थोडी ढील पडते. पुशरॉड ॲल्युमिनियमचे असल्याने तेही लांबतात आणि ती ढील बऱ्याच अंशी भरून काढतात. पोलादी असते तर गरमपणी मोठी फट पडली असती. जी थोडी ढील उरते तिचीच टिक-टिक गरम बुलेटमधून ऐकू येते. तो आवाज आजाराचा नाही.

आता या प्रकरणात काय झालं ते पाहा. इंजिन गरम, ढील पडलेली, आवाज येतोय. झाकण उघडून तो आवाज मिटेपर्यंत टॅपेट वर चढवले. गरमपणी फट शून्य झाली आणि गाडी गप्प झाली. रात्री इंजिन थंड झालं, बॅरल आणि हेड आकसले, रॉकर खाली आला, पण त्याला मोकळं व्हायला जागाच उरली नव्हती. शून्याच्याही खाली गेलेली फट म्हणजे पुशरॉडने व्हॉल्व्ह सीटवरून उचलून धरणं. सकाळी किक मारली तर दाब दोन्हीकडून गळतो. इंजिन कसंबसं चालू होऊन तापलं की बॅरल वाढतं, व्हॉल्व्ह सीटवर बसतात, सगळं ठाकठीक. तक्रारीतली प्रत्येक ओळ या एका गोष्टीने जुळते: सायलेन्सरची फट-फट एक्झॉस्टच्या गळतीची, कार्ब्युरेटरची शिंक इनलेटच्या गळतीची, आणि दहा मिनिटांनी येणारी तंदुरुस्ती बॅरल तापण्याची.

असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं नुकसान होतं. त्याच्या डोक्यातली बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावर सीटमार्गे हेडमध्ये जाते. सीटला नीट टेकत नसेल तर उष्णता जात नाही, उलट जळता वायू त्याच फटीतून धावतो आणि कडा खातो. एकदा कड खाल्ली गेली की टॅपेट सेटिंगने काही होत नाही, हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट पाहावी लागते. आवाज करणारा टॅपेट कानाला त्रास देतो. गप्प टॅपेट खिशाला.

घरी केलेलं काम

सामान थोडं लागतं. प्लग पाना. टॅपेटचे दोन पातळ पाने, जे बुलेटच्या सुट्या भागांच्या दुकानात जोडीने मिळतात. साधा पाना इथे जाडीमुळे बसत नाही. टॅपेटच्या झाकणाचं नवं पॅकिंग. जुनं कडक झालेलं असेल तर ते परत लावून पैसे वाचत नाहीत, ऑइल गळतं. एक पसरट ताटली, चिंध्या, प्लास्टिकची स्ट्रॉ आणि उजेड. या जुन्या इंजिनावरचे कित्येक आटे आणि षटकोन ब्रिटिश मापाचे आहेत, त्यामुळे जवळपास बसणारा मेट्रिक पाना लावून जोर करू नये. कोपरे गोल झाले की हे अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

इंजिन रात्रभर थंड हवं. दोन तास थांबून "आता हाताला गार लागतंय" म्हणणं पुरेसं नाही. बिडाचं बॅरल आतून ऊब धरून ठेवतं, आणि इथे नेमकी तीच चूक दुरुस्त करायची आहे. हे काम सकाळी, किक मारायच्या आधी.

गाडी मेन स्टँडवर, पेट्रोलचा नळ बंद. प्लग काढल्यावर इंजिन हाताने हलकं फिरतं. गिअर टॉपला टाकायचा. या गाडीत पहिला गिअर वर, बाकीचे खाली, आणि स्टँडवर गिअर पडत नसेल तर मागचं चाक थोडं हलवत पायाने दाबला की पडतो. आता मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवलं की इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरतं, आणि किकपेक्षा कितीतरी बारीक ताबा मिळतो.

टॅपेटचं झाकण एकाच नटावर बसलेलं असतं. नट काढला की झाकण सुटतं, थोडं ऑइल सांडतं, त्यासाठी ताटली. आत दोन टॅपेट शेजारी-शेजारी दिसतात. प्रत्येकावर तीन षटकोन: खालचा टॅपेटच्या दांड्याचा, मधला लॉकनट, वरचा ॲडजस्टरच्या डोक्याचा, ज्याच्या वाटीत पुशरॉडचं टोक बसतं.

इनलेट कुठला आणि एक्झॉस्ट कुठला, हे पाठ करण्यापेक्षा चाक फिरवून पाहावं. एक टॅपेट वर जाऊन खाली येऊ लागतो आणि तो पूर्ण बसायच्या आतच दुसरा उठतो. आधी उठलेला एक्झॉस्ट, त्याच्या पाठोपाठ उठलेला इनलेट.

आता कॉम्प्रेशनचा टॉप, म्हणजे कॉम्प्रेशनच्या वेळची पिस्टनची सगळ्यात वरची जागा, शोधायचा. सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात. पिस्टन प्रत्येक चक्रात दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात आणि दोन्ही पुशरॉड साहजिकच ताठ लागतात. तिथे कोणी "अरे, फारच टाइट आहेत" म्हणून दोन्ही सैल केले, तर कॉम्प्रेशनच्या टॉपला ढोबळ फट पडते आणि इंजिन चालू केल्यावर कोणीतरी आत हातोडी ठोकतंय असा आवाज येतो.

खात्रीची रीत अशी: चाक पुढे फिरवत राहायचं, इनलेटचा टॅपेट वर जाऊन पूर्ण खाली येईपर्यंत. तो बसला की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतो आहे. प्लगच्या भोकात स्ट्रॉ हलकेच टेकवायची. सायकलची तार किंवा स्क्रू ड्रायव्हर नको, कारण भोक तिरकं आहे आणि तार अडकून वाकली तर पिस्टनला ओरखडा जातो. स्ट्रॉ वर येते, थांबते, परत खाली जाऊ लागते. जिथे थांबली तिथे टॉप.

पॉइंटच्या गाडीत एक पडताळणी फुकट मिळते. प्लग त्याच्या कॅपमध्ये बसवून हेडला टेकवून ठेवायचा आणि इग्निशन चालू करायचं. पेट्रोलची वाफ किंवा चिंधी प्लगजवळ नको. पॉइंट मिटलेले असताना ॲमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो. चाक फिरवता फिरवता पॉइंट उघडले की काटा झटकन मधोमध येतो. या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट कॉम्प्रेशनच्या टॉपच्या जरासे आधीच उघडतात, त्यामुळे काटा मध्ये आला की तुम्ही योग्य टॉपपाशी आहात. काम झालं की इग्निशन लगेच बंद. मिटलेल्या पॉइंटवर ते चालू राहिलं तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

टॉपला आल्यावर पुशरॉड बोटांनी फिरवून पाहिले. इनलेटचा कसाबसा, घासत फिरत होता. एक्झॉस्टचा अजिबात नाही. दोन्ही बाजूंना चाक थोडं-थोडं सरकवलं तरी तेच. म्हणजे जागा चुकलेली नव्हती, सेटिंगच उणे होतं.

आधी एक्झॉस्ट. एका पान्याने खालचा षटकोन घट्ट धरायचा. तो न धरता नट सोडायला गेलं तर सगळा टॅपेटच फिरू पाहतो. दुसऱ्या पान्याने मधला लॉकनट सोडायचा, पण अर्ध्या-पाऊण फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग वरचं डोकं खाली उतरवायचं. दिशा पाठ नसेल तर डोळ्यांनी पाहायची: डोकं टॅपेटपासून वर गेलं की फट कमी, खाली बसलं की फट जास्त. इथे डोकं षटकोनाच्या एका चपट्याहून (एका बाजूहून) थोडं जास्त, म्हणजे एक षष्ठांश फेऱ्याच्या पुढे, उतरवल्यावर पुशरॉड मोकळा झाला आणि वर-खाली खुट-खुट हलू लागला. मग उलट, केसाएवढं वर. खुट-खुट जिथे नुकतीच मिटते आणि फिरणं मात्र मोकळं राहतं, ती जागा. फरक एका चपट्याच्याही लहान भागाचा असतो. पहिल्यांदा करणाऱ्याला ही जागा सापडायला पाच-सहा खेपा लागतात, त्यात काही बिघडत नाही.

बोटांबद्दल एक सूचना. पुशरॉडवर ऑइल असेल तर बोटं घसरतात आणि मोकळी दांडीही जड वाटते. चिंधीने पुसून मगच फिरवावी. वर-खाली तपासताना दांडी सरळ वर उचलावी, बाजूला ढकलू नये. बाजूची हालचाल ही फट नव्हे. आणि दांडी फिरताना एका ठिकाणी जड, एका ठिकाणी हलकी लागत असेल तर ती वाकलेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यावर कितीही नीट सेटिंग केलं तरी ते खोटंच. तशी दांडी बदलावी.

जागा सापडली की वरचं डोकं आणि खालचा षटकोन जिथल्या तिथे ठेवून लॉकनट आवळायचा. घरी करणाऱ्यांची दुसरी मोठी चूक इथे होते: नट आवळला की झाकण लावून मोकळं होणं. आवळताना आट्यांमधली बारीक ढील एका बाजूला ओढली जाते आणि सेटिंग सरकतं, बहुतेक वेळा घट्ट बाजूला. इथेही पहिल्यांदा आवळल्यावर एक्झॉस्टचा पुशरॉड पुन्हा जड झाला. नट सोडून डोकं किंचित सैल ठेवून परत आवळलं, तेव्हा जमलं. आवळल्यानंतरची तपासणी हीच खरी तपासणी. आधीची फक्त अंदाजाची.

इनलेटलाही हेच, काम थोडं कमी. मग चाक फिरवून इंजिनाचे पूर्ण दोन फेरे करून पुन्हा कॉम्प्रेशनच्या टॉपला यायचं आणि दोन्ही पुशरॉड परत फिरवून पाहायचे. एक्झॉस्टबाबत शंका असेल तर ती सैल बाजूला सोडवावी: अगदी पुसटशी, जेमतेम जाणवणारी वर-खाली हालचाल चालेल, पण अडत फिरणारी दांडी चालणार नाही.

झाकणाचा एकमेव नट हा बुलेटच्या ऑइल गळतीचा जुना उगम. गळतंय म्हणून लोक तो आणखी आवळतात, झाकण मध्ये दबतं, कडा उचलतात आणि गळती वाढते. दोन्ही पृष्ठभाग साफ, पॅकिंग नवं, नट बेताचा.

चालू केल्यावर

प्लग लावून, इंजिन थंडच असताना, आधी वजनाची चाचणी. किक कॉम्प्रेशनवर आली आणि अडली. वजन दिल्यावर दोनेक सेकंद धरून हळूच बसली. कार्ब्युरेटरकडची फुस्स पूर्ण गेली. सायलेन्सरकडची कमी झाली, पण कान लावला तर पुसटशी होतीच.

ॲमीटर पाहून, डिकॉम्प्रेसर दाबून किक टॉपच्या पुढे नेली, सोडली आणि मारली. तिसऱ्या किकला चालू. चोक काढल्यावर दोन मिनिटांत रेस धरली, शिंक नाही. दहा मिनिटांनी इंजिन तापलं आणि टॅपेट हलकेच बोलायला लागले.

मालकाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: "आवाज परत आला की." लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक रॉकरच्या खोक्यांवर एकेक करून टेकवून आणि मूठ कानाला लावून ऐकलं. दोन्हीकडे एकसारखी, बारीक, नियमित टिक-टिक. एकाच बाजूला ठळक ठोका असता, किंवा रेसबरोबर आवाजाची जात बदलली असती, तर रॉकर, पुशरॉडचं टोक किंवा टॅपेटचा पाया झिजलाय का ते पाहावं लागलं असतं. थंडपणी जास्त आणि गरमपणी कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा. टायमिंगच्या गिअरची घरघर वेगळी, डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनची खडखड वेगळी. यांतला कुठलाही आवाज टॅपेट आवळून जात नाही, फक्त झाकला जातो. तीन आठवड्यांपूर्वी ज्या आवाजासाठी गाडी गॅरेजला गेली, तो बहुधा हाच गरमपणीचा साधा आवाज होता.

उरलेल्या पुसट फुस्सचं काय? दोन मतं होती. एक: हेड लगेच उतरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घासून घ्यावा. दुसरं: तीन आठवडे व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही, सीटवर कार्बन साचला असेल, थोडं चालवून पाहावं. दुसरं मत मानलं, कारण गाडी नीट चालू होत होती, किक धरत होती आणि हेड उघडणं हे पॅकिंग, वेळ आणि नव्या गळतीची शक्यता घेऊन येणारं काम आहे. अट एकच घातली: ३०० किलोमीटरनंतर थंडपणी तीच चाचणी, आणि तोवर घाटात फुल थ्रॉटल नाही. किक त्या वेळी जास्त लवकर खाली बसली असती तर हेड उतरवायचंच ठरलं होतं.

त्या तपासणीत इनलेटचा पुशरॉड जसाच्या तसा होता. एक्झॉस्टचा किंचित जड फिरत होता, म्हणजे मधला कार्बन निघून व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा आणखी बसला. व्हॉल्व्ह सीटमध्ये जितका खोल बसतो, तितकी वरची फट कमी होते. म्हणून सेटिंग केल्यानंतरची पहिली तपासणी लवकर करायची आणि ती घट्ट बाजूला सरकलेली सापडेल हे धरून चालायचं. डोकं केसाएवढं सैल केलं, नट आवळला, परत फिरवून पाहिलं. सायलेन्सरकडे कान लावला तर आता काही ऐकू येत नव्हतं, आणि किक वजन घेऊन पाच सेकंदांहून जास्त टिकली.

ही सगळी रीत बिडाच्या बॅरलच्या इंजिनापुरतीच आहे. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनाच्या बुलेटमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप फट भरून काढणारे, टॅपेट आहेत, तिथे फट सेट करायची नसते. तिथे टॅपेटचा आवाज येत असेल तर आधी ऑइलची पातळी आणि प्रत पाहायची.